चार ते साडेचार

आत्या, तुझी खोली आईने अजून झाडू दिलेली नाही. पलंगावरची चादर तेवढी काढली, बाकी सगळं तसंच आहे. आणि दुपारचे चार वाजले, की त्या खोलीतून बशीवर कप टेकल्याचा आवाज येतो.

मोठा नाही. तू ठेवायचीस तसाच, आधी कडेवर टेकवून मग हलकेच सरळ केलेला. पहिल्या दिवशी वाटलं, शेजारच्या घरात काही असेल. दुसऱ्या दिवशी मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, आणि ताटावरची नजर न उचलता ती म्हणाली, "वन्संच्या खिडकीची कडी सैल झालीय. वाऱ्याने वाजते." मी उठून बघून आले. कडी घट्ट होती, वारा नव्हता. मी परत येऊन बसले. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

भेटायला माणसं येतात. तू लीड्सच्या हॉस्पिटलात किती वर्षं होतीस, वॉर्डची सिस्टर म्हणजे किती मोठा हुद्दा, लग्न का केलं नाहीस, पेन्शन तिकडून यायची का, असलं सगळं विचारतात. आई उत्तरं देते. मला त्यातलं काहीच सांगावंसं वाटत नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू उठून गेलीस.

तू कायमची परत आलीस तो दिवस आठवतो. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. नवीन पनवेलच्या ह्या दोन खोल्यांत आई एकटी होती, आणि तू भावजयीला सोबत म्हणून आलीस. तुझ्या ट्रंकेतले स्वेटर उलगडले तर आतून कप निघायला लागले. बश्या निघाल्या, दुधाचं बुटकं भांडं निघालं, पोट सुटलेली पांढरी किटली निघाली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वन्सं, इतक्या वर्षांनी आलात आणि कपबश्या आणल्यात?"

"बाकी तिथं माझं काही नव्हतं, वहिनी," तू म्हणालीस. तू सहज म्हणालीस, म्हणून आम्हीही सहज ऐकलं. तिथल्या तुझ्या चहाला समोर कोण बसायचं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

आमच्या घरात चहा म्हणजे पातेल्यात सगळं एकत्र घालून, आलं ठेचून, वर येईस्तोवर उकळायचा आणि ओट्याशी उभ्यानेच प्यायचा. तू चहाला बसायला लावलंस. आधी किटलीत नुसतं गरम पाणी घालून ती गोल फिरवायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. दिवसातून एकदा नळ येणाऱ्या घरात ते ओतलेलं पाणी बघून आई हळहळायची. मग सबंध पानांची पत्ती, माणशी एक चमचा आणि एक किटलीच्या नावाचा. त्यावर खळखळतं पाणी, झाकण, आणि सगळ्यावर तू विणलेली निळ्या लोकरीची टोपी. तू तिला टीकोझी म्हणायचीस. आई कुंची म्हणायची. "घातली का कुंची तुमच्या बाळाला?" असं विचारून ती पदरात हसायची.

आणि मग थांबायचं. कोणी उठायचं नाही, निवडायला घ्यायचं नाही, पेपर वाचायचा नाही. नुसतं किटलीसमोर बसायचं. मला वाटतं, तुझ्या चहातला खरा चहा तोच होता.

काकडी तू इतकी पातळ चिरायचीस, की चकतीतून खिडकीतला उजेड दिसायचा. मीठ लावून पिळलेली ती काकडी लोणी लावलेल्या पावात घालायची, त्रिकोण कापायचे, कडा काढून टाकायच्या. त्या कडा आई डब्यात भरून ठेवायची आणि संध्याकाळी फोडणीचा पाव करायची. "साहेबाचं झालं, आता आपलं," म्हणायची. रविवारी तू अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये स्कोन करायचीस आणि आईच्या करवंदाच्या मुरांब्याबरोबर ते आम्हाला खायला लावायचीस. वर फेटलेली साय. आईने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, "वाईट नाही. पण हे भाकरीला भाकरी नाही आणि केकला केक नाही." आणि दुसरा उचलला.

गव्हाणची हिराबाई आठवड्यातून दोन-तीनदा मासळी घेऊन कॉलनीत यायची. टोपली रिकामी झाली, की एसटीच्या आधी आपल्या जिन्यात टेकायची. तू तिला वर बोलावलंस, खुर्चीवर बसवलंस, तसाच कप दिलास. तिने एक घोट घेतला आणि तुझ्याकडे बघितलं.

"बाय, ह्या चायला काय बी चव नाय."

"मग नको पिऊस."

"पिते ना. तू येवढी बसून केलीस."

तेव्हापासून ती नेहमी यायची. तुम्हा दोघींना किटलीसमोर गप्प बसलेलं मी कितीदा पाहिलं. तू इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, ती कासोट्यात. कोणालाच बोलायची घाई नसायची.

माझ्या नवऱ्याला, अविनाशला, आईवडील नव्हते. तो बोटीवर सेकंड इंजिनिअर. तो सफरीवर गेला, की ठाण्याचं घर बंद करून मी पनवेलला यायचे. त्या वर्षीही आले होते. मग एका सकाळी खालच्या वाण्याच्या दुकानातल्या फोनवर कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला, की बोटीशी संपर्क होत नाहीये, त्या भागात वादळ होतं, शोध चालू आहे.

शोध चालू आहे. त्या शब्दांवर मी किती दिवस काढले. माणसं यायची ती काहीतरी घेऊनच यायची. कोणाचा मावसभाऊ दोन महिन्यांनी एका बेटावर सापडला होता. कोणी पत्रिका दाखवून आलं होतं, आणि ज्योतिषी म्हणाला होता, की माणूस पाण्यात आहे पण कोरडा आहे. मी दाराची बेल वाजली की उठायचे, आणि दार आईने उघडायची वाट बघायचे. घास तोंडात फिरत राहायचा. आई देवासमोर बसलेली, तिचं तोंड सारखं पुटपुटत असायचं.

एक दिवस दुपारी तू किटली मांडलीस आणि म्हणालीस, "आजपासून चार ते साडेचार ह्या घरात बातमी येणार नाही. चांगली नाही, वाईट नाही. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही."

"बातमी काय दाराशी थांबणार आहे का, वन्सं?" आईने विचारलं.

"थांबेल. मी थांबवीन."

पहिल्या दिवशी माझा अर्धा चहा बशीत सांडला. तू काही न बोलता बशी बदललीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललीस. मग कधीतरी लक्षात आलं, की बशी कोरडी आहे. कप दोन्ही हातांत धरला की बोटं गरम होतात आणि ती गरमी वर कोपरापर्यंत येते, हे मला तेव्हा कळलं. काकडीचा तो मऊ तुकडा गळ्याखाली उतरायचा. दिवसभरात तेवढाच उतरायचा. खिडकीतून प्रबळगड दिसायचा, हायवेवरून ट्रक जायचे, आणि तू हळू आवाजात काहीही सांगायचीस. लीड्सच्या धुक्यात बस कशी चुकली, एक म्हातारा पेशंट तुझं नाव सुलोचनाऐवजी कसं भलतंच घ्यायचा. मी हसले होते एकदा. अविनाशचा पत्ता नसताना मी हसले, आणि आईने माझ्याकडे चमकून बघितलं, आणि तू म्हणालीस, "वहिनी, हसू दे तिला. साडेचारला थांबेल."

तू मला त्या दिवसांतून जिवंत बाहेर काढलंस, आत्या. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी वेगळं बोलणार आहे.

तो माणूस आला तेव्हा तू नुकती कुंची घातली होतीस. बेल वाजली. तू दार उघडलंस. बाहेर टाय लावलेला, घामाने भिजलेला, चाळिशीचा माणूस, काखेत फाइल. त्याने माझं नाव विचारलं. मी आत बसल्या जागेवरून त्याचा चेहरा बघितला, आणि तुझी पाठ बघितली. तुझी पाठ एकदम सरळ झाली, वॉर्डात होत असेल तशी.

"या, बसा. चहा घ्याल ना?"

"मॅडम, मला जरा मिसेसशी..."

"आधी चहा. साडेचारला बोलू."

तो बसला. तुझा आवाजच तसा होता. आई देवासमोरून उठून आली, त्याला बघून भिंतीला टेकली. "ऑफिसातून आलात का? काही कळलं?" तू तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलंस. "वहिनी, साडेचारला." तीसुद्धा बसून राहिली.

मग आपण चौघांनी चहा घेतला. मला त्यातलं सगळं आठवतं. तू त्याला विचारलंस, साखर किती. तो म्हणाला, दोन. तू सँडविचची ताटली त्याच्यापुढे धरलीस आणि त्याने घेतलं नाही तोवर हलवली नाहीस. खाडीच्या पुलावर गर्दी होती का? होती. मुलं आहेत? एक मुलगी, यंदा दहावीला. मग अभ्यास करते का? करते, गणित कच्चं आहे. तो फाइल मांडीवर दाबून उत्तरं देत होता. तू माझ्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतलास. दुधाचं भांडं माझ्याकडे सरकवलंस. मी दूध घातलं. ढवळलं. घोट घेतला. बाहेर कोणीतरी गाद्या झोडपत होतं.

मी काही विचारलं नाही.

घड्याळात साडेचार झाले. तू उठलीस, माझ्या हातातला कप काढून घेतलास, आईचा काढून घेतलास, दोन्ही लांब टेबलावर ठेवलेस. मग माझ्या मागे येऊन पाठीवर तळहात टेकवलास आणि त्याला म्हणालीस, "आता सांगा."

एका दुसऱ्या बोटीला रिकामी लाइफबोट सापडली होती. आणखी काही सामान तरंगताना मिळालं होतं. बोट बुडाल्याचं पक्कं झालं होतं. कोणी वाचलं नव्हतं. कोणी मिळालंही नव्हतं.

पुढे काय झालं, ते तुला माहीत आहे. तूच धरलं होतंस मला.

आपलं भांडण सुरू झालं ते महिन्याभराने. कशावरून तेही आठवत नाही, तू चहाला हाक मारलीस एवढंच. मी खोलीतून ओरडले, "तुला अधिकार कोणी दिला होता? माझा नवरा गेला होता आणि तू त्या माणसाला साखर विचारत होतीस! त्याला सँडविच खायला घालत होतीस!"

तू दारात उभी राहिलीस. "शुभे, तू विचारलं असतंस तर मी थांबवलं नसतं."

"तू आईला थांबवलंस."

"वहिनींना थांबवलं. तुला नसतं थांबवलं. तू विचारलं नाहीस."

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तुला द्यायचं नव्हतं.

मग तू पलंगावर येऊन बसलीस आणि ती तारेची गोष्ट सांगितलीस. तू लीड्सला नवीन होतीस तेव्हा आजोबा गेल्याची तार हॉस्पिटलात आली होती. ती मेट्रनच्या हातात पडली. तिने तुला ऑफिसात बोलावलं, बसवलं, चहा दिला, बिस्कीट दिलं, घरच्यांची नावं विचारली, आजोबा काय करतात ते विचारलं. तू अर्धा तास तिला आजोबांविषयी सांगत होतीस. मग तिने कप घेतला आणि तार दिली.

"माझ्याशी इतकं चांगलं पुढे कोणी वागलं नाही," तू म्हणालीस. "त्या अर्ध्या तासात मी बाबांबद्दल जे बोलले, ते 'होते' न म्हणता बोलले. 'आहेत' म्हणत होते. तेवढं मला आयुष्यभर पुरलं."

"तुझे वडील म्हातारे होते," मी म्हणाले. "आणि तुला ठाऊक नव्हतं. मला त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं."

तू पलंगावरची चादर हाताने सारखी केलीस. "हो," म्हणालीस. "तो फरक आहे."

पण पटलं असं म्हणाली नाहीस. पुढच्या सगळ्या वर्षांत, मी सकाळच्या शाळेत नोकरी धरली, ओवे गावाकडच्या शेतांवर बांधकामासाठी मातीचा भराव पडायला लागला, कॉलनीत दोन मजल्यांच्या जागी चार मजली इमारती आल्या, तरी वर्षातून एकदा-दोनदा आपला हा वाद निघायचाच. मी म्हणायचे, बातमी ज्याची आहे त्याची आहे, ती तू खिशात ठेवू शकत नाहीस. तू म्हणायचीस, बातमी कुठं जात नाही, पण माणसाला ती घ्यायला हात रिकामे लागतात आणि पोटात काहीतरी लागतं. एकदा हिराबाई बसली होती. तिने दोघींचं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"आमच्यात कोन सांगत नाय," ती म्हणाली. तिचा दीर मोरा बंदरातून मासेमारीला गेला तो आलाच नव्हता. "बाया धक्क्यावर उभ्या ऱ्हातात. होड्या येतात, त्या मोजतात. एक कमी हाय, की समजला. मंग आमी घरी येतो आनी चूल पेटवतो. सांगायचा काय हाय त्यात?"

तू उठून तिचा कप पुन्हा भरलास.

आणि तरी रोज चारला मी तुझ्यासमोर येऊन बसायचे. एकही दिवस चुकवला नाही. शाळेचं संमेलन असो, कोणाचं लग्न असो, मी चारच्या आत घरी. आई वैतागायची. म्हणायची, ह्या पोरीला चहाचं व्यसन लागलंय. तू माझ्याकडे बघायचीस. तुला कळलं होतं का, हे मला अजून कळत नाही.

मग तुझं दुखणं निघालं. तू आधीच ओळखलं असणार, इतकी वर्षं नर्स होतीस. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की पसरलंय, आता फार काही करता येणार नाही. मी रिक्षाने घरी येईपर्यंत चार वाजत आले होते. तू किटली विसळत होतीस. मी दारातच, चपला न काढता सांगितलं. एका दमात. वाद होता ना आपला. मला माझ्या बाजूने राहायचं होतं.

"बरं," तू म्हणालीस. हात पुसलेस. "बस. पाणी उकळलंय."

तू किटलीत पाणी ओतलंस, कुंची घातलीस, आपण थांबलो. मग तू कप भरलेस आणि दोन्ही कपांत नुसतं गरम पाणी आलं. तू त्यात दूध घातलंस. पत्ती डब्यातच होती. आपण दोघींनी ते पांढरट पाणी शेवटपर्यंत प्यायलं. कप ठेवताना तू म्हणालीस, "बघ, सांगून झाल्यावर चव लागत नाही म्हणत होते ना मी?"

"आत्या, ह्यात पत्तीच नाहीये."

तू झाकण उघडून आत बघितलंस. आणि आपण दोघी इतक्या हसलो, की आई धावत बाहेर आली, आणि तुला डोळे पुसताना बघून तिला सगळं समजलं. ती तुझ्या पायाशी खाली बसली आणि तिने तुझा गुडघा घट्ट धरला. "वन्सं," एवढंच म्हणाली. दहा वर्षं जिच्याशी ओट्यावरच्या जागेवरून कुरकुर केली, तिचा गुडघा तिने दिवेलागणीपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या दिवसांत मी तुला चमच्याने चहा द्यायचे. दोन चमचे गेले तरी खूप. एकदा तू डोळे न उघडता म्हणालीस, "शुभे, कोणाला सांगायची वेळ आली, तर आधी त्याच्या हातातला कप काढून घेत जा. भाजतं माणसाला." मला वाटलं, वॉर्डातलं काहीतरी बोलतेयस. तुला विचारायला हवं होतं, की म्हणजे सांगायचं का आधी, की नंतर? तुझा अखेरचा निकाल काय? पण तू झोपलीस. आणि दोन दिवसांनी सकाळी, आई उशी सारखी करत असताना, गेलीस. चहाची वेळ नव्हती ती.

हिराबाई तेव्हा लेकीकडे गेली होती. तुझे दिवस झाल्यावर आली. मला वाटलं, आता हिला मीच सांगायचं. पण ती जिन्यातच टोपली उतरवून बसली होती.

"नको सांगूस, बाय," ती म्हणाली. "रस्त्यावरून वर बगितला. तिची पांढरी साडी वाळत असते दोरीवर. नव्हती." तिने पदर तोंडाला लावला. मी चहा विचारला. "तिच्या हातचा नाय, मंग कशाला?" म्हणाली आणि उठून गेली. तिची टोपली रिकामी नव्हती. त्या दिवशी तिने काही विकलंच नसावं.

आता तुला जे सांगितलं नाही, ते सांगते.

तू म्हणायचीस, तू विचारलं नाहीस. मी का विचारलं नाही? कारण विचारलं नाही तोवर तो होता. तो माणूस साखर ढवळत होता आणि अविनाश होता. त्याच्या मुलीचं गणित कच्चं होतं आणि अविनाश कुठल्यातरी बेटावर, कोरडा, दाढी वाढलेला, माझ्यावर चिडलेला, होता. मी त्या अर्ध्या तासात त्याच्याशी इतकं बोलले, जितकं लग्नानंतर कधी बोलले नव्हते. मी साडेचार होऊच देणार नव्हते. आणि मग तू माझा कप घेतलास.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजले ना, आत्या. तू पुन्हा किटली मांडलीस. पुन्हा बातमी यायची नव्हती. आणि तो पुन्हा होता. रोज. तुझ्या उजव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीत नाही, तसं भुताबितासारखं काही नाही. नुसता होता. अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. साडेचारला तू कप गोळा करायचीस आणि मी रोज विधवा व्हायचे. मग दुसऱ्या दिवसापर्यंत कसंतरी ढकलायचं. एवढी वर्षं. म्हणून मी कुठल्या लग्नाला थांबले नाही. म्हणून तुझ्याशी भांडत राहिले आणि तुझ्यासमोर बसत राहिले. तू मला अर्धा तास दिलास, तो मी परत केलाच नाही.

तू हे ओळखून होतीस आणि तरी रोज पाणी ठेवत होतीस, की तुला खरंच माहीत नव्हतं? ह्यातलं कुठलं उत्तर मला हवंय, तेही कळत नाही. आणि आता तू गेल्यावर चार वाजता आतून आवाज येतो, तेव्हा मी आणि आई खाली बघत बसतो, आणि मला वाटतं, आता तूही त्याच्यासारखीच झालीस. अजून कोणी सांगितलं नाही, म्हणून असलेली.

काल आईच्या चष्म्याची काडी तुटली. ती घेऊन मी दुपारी जुन्या पनवेलात गेले. दुकानदाराने जेवून येतो म्हणून बसवलं. तो आला, त्याला स्क्रू मिळेना, मग मिळाला तो बसेना. समोर दुसरी एक बाई नातवाच्या चष्म्यावरून हुज्जत घालत होती. मी ते ऐकत बसले. काडी लागली, मी बाहेर आले, तलावाच्या बाजूने स्टँडकडे निघाले, आणि एका दुकानात घड्याळ दिसलं. पाच वाजून गेले होते.

मी तिथेच थांबले. आज मी अविनाशला भेटलेच नव्हते. चार वाजले, साडेचार वाजले, आणि मी काडी आणि स्क्रू बघत बसले होते. तलावाच्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. कंपनीच्या माणसासमोर फुटलं नव्हतं तसं. त्या दिवशी मी आरडाओरडा केला होता, रडले नव्हते.

खालच्या पायरीवर एक बाई गोधडी धूत होती. ती थांबली. ओले हात लुगड्याला पुसत वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काय झाला गो? कोन गेला काय?"

मी मान हलवली.

"कोन?"

"नवरा."

"अगो बाय! कवा?"

आत्या, मी तिला म्हणाले, "आज."